एक वीत वर

सतराव्या वर्षी माझं जे ऑपरेशन झालं, ते आमच्या घरात ‘पाठीचं ऑपरेशन’ म्हणून ओळखलं जातं. ते पाठीचं नव्हतं. पाठ जिथे संपते आणि जिथून पुढे सभ्य माणसं बोलायचं थांबतात, तिथलं होतं. वडिलांनी ते पाहुण्यांना सांगताना एक वीत वर सरकवलं, आईने मान डोलावली, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं ते तिथेच राहिलं. मी त्याला खाली आणायचा प्रयत्न केला नाही. पाठीच्या ऑपरेशनला वजन असतं. त्यातून उठलेल्या माणसाकडे लोक आदराने बघतात.

रोग तसा साधा आणि हास्यास्पद आहे. माकडहाडाच्या खाली, मधल्या घळीत, अंगावरून गळलेले केस घामाने आणि घासण्याने कातडीत घुसतात. तिथे बारीक भोकं पडतात, आत केसांचं पुंजकं साठतं, मग गळू, पू आणि बसायची पंचाईत. वयात येणाऱ्या मुलांना, विशेषतः ज्यांच्या अंगावर केस जास्त आहेत अशांना, तो हमखास गाठतो. त्या जागेचं मराठीत सरळ, रोजचं नाव आहे. ते मी अजून इथे लिहिलेलं नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. त्याच नावापायी पुढचं सगळं रामायण झालं.

माझ्या वेळी तो सगळा भाग मूठभर मांसासकट कापून काढत आणि जखम उघडी ठेवत. खालून वर भरत येईपर्यंत रोज सकाळी कंपाउंडर लूनावरून यायचा, जखमेत कोंबलेली कापडाची पट्टी बाहेर ओढायचा आणि नवी कोंबायचा. जादूगार टोपीतून रुमाल काढतो तशी ती पट्टी संपता संपत नसे. बसण्यासाठी वडिलांनी स्कूटरची जुनी ट्यूब आणली होती. अर्धवट हवा भरलेल्या त्या ट्यूबवर बसून मी बारावीची परीक्षा दिली. मार्क कमी पडले तेव्हा कोणी काही बोललं नाही. मणक्याजवळ कापाकापी झालेल्या मुलाला कोण बोलणार?

ही कथा मी पुढे जोपासली. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे साधनांची पारख कशी करावी हे मला माहीत आहे आणि स्वतःच्या बाबतीत ती कशी टाळावी हेही. कथेत मी चार महिने पालथा पडलो होतो. त्या चार महिन्यांत मी गावच्या वाचनालयातलं कपाट संपवलं होतं. डॉक्टरांनी म्हणे वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरगं धीराचं आहे. घरी कोणीही पाहुणा आला आणि आजारपणाचा विषय निघाला, की मी चहा संपायची वाट बघायचो.

दुसऱ्यांच्या डामडौलावर मात्र मी फार कठोर आहे. आमच्या फाट्यावर मान वर केली की आकाश दिसत नाही, फ्लेक्स दिसतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, नवी गाडी, नव्या गाडीचा पहिला वाढदिवस. मारुंजीकडच्या जमिनी विकून आणि खोल्या भाड्याने देऊन आमच्या लोकांच्या हातात जो मोकळा वेळ आला, त्यातला बराचसा फ्लेक्सवर गेला. मी या विषयावर एका दिवाळी अंकात लेखही लिहिला होता. आमच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष तो वाचून म्हणाले होते, “सर, लई भारी लिवलंय. तुमचा फोटो द्या, अभिनंदनाचा फ्लेक्स लावतो.”

तर माझ्या मुलाला माझ्याकडून वारसा म्हणून चार खोल्या, थोडा वाद असलेली जमीन आणि अंगभर दाट केस मिळाले. खोल्या आणि जमीन मिळायला अजून वेळ आहे. केस आले.

मुलगा अकरावीत. पुस्तकाचं त्याला वावडं, पण कबड्डीत तो चढाईला गेला की मीसुद्धा चष्मा पुसतो. गावच्या संघात खेळतो. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या कुमार गटाची निवड चाचणी होती आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मागच्या वर्षी त्याला वय लहान म्हणून मागे ठेवलं होतं. या वर्षी कोचनी स्वतः सांगितलं होतं, तयारीला लाग.

पावसाळ्यात कधीतरी तो उभ्याने जेवायला लागला. मला वाटलं फॅशन असेल. स्कूटीवर तो एका बाजूला कलून बसायचा, तेही मी फॅशनमध्येच जमा केलं. मग एकदा बायको धुवायचे कपडे हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“अहो, त्याला तुमचं ते झालंय.”

“माझं काय?”

“पाठीचं,” ती म्हणाली, आणि चड्डीवरचा डाग दाखवला. डाग पाठीच्या बराच खाली होता. आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

मुलाला समोर बसवलं. म्हणजे तो उभाच राहिला.

“कधीपासून आहे?”

“मेपासून.”

“आणि बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुम्ही ऑपरेशन केलं असतं. चार महिने पालथं पडायचं, तो कंपाउंडर, ती पट्टी. मी लहानपणापासून ऐकतोय, पप्पा. सिलेक्शन झाल्यावर करू ना. तोपर्यंत मी रुमाल ठेवून खेळतो.”

पू असलेल्या जागी रुमाल ठेवून पोरगं पाच महिने चढाया करत होतं, आणि तेही माझ्या कथेच्या धाकाने. माझी एखादी कथा कोणावर इतका परिणाम करील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्याला समजावलं. मी जितकं समजावलं तितका तो घट्ट होत गेला, कारण ज्या माणसाने त्याला घाबरवलं होतं तोच आता घाबरू नको म्हणत होता.

शेवटी बायकोने भरे गावाहून माझ्या बहिणीला बोलावलं. आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. माझ्या आजारपणात ती माहेरीच होती आणि कंपाउंडर आला नाही त्या दिवशी पट्टी तीच बदलायची. ती आली, पाणी प्यायली आणि भाच्याला म्हणाली, “चार म्हयनं? कुणी सांगितलं तुला चार म्हयनं?”

भाच्याने माझ्याकडे बोट केलं.

“दीड म्हयन्यात हा गडी जत्रंत व्हता! आंब्याच्या झाडावर बसून कुस्त्या बघत व्हता. बसून, आं! उभ्यानं न्हाई.”

“आक्का, तू विसरलीस. तेव्हा मी अजून...”

“मी काय इसरत न्हाई. आन् कसलं वाचनालय रं? कपाटाला कुलूप व्हतं, चावी गुरुजीकडं, आन् गुरुजी मुंबैला. पत्तं खेळायचास दिसभर.”

मुलगा पहिल्यांदा हसला. “मग दुखलंच नव्हतं का पप्पांना?”

आक्काने थोडा विचार केला. “दुकलं. पट्टी वडताना लई दुकायचं त्येला, खोटं कशाला बोलू. असा वरडायचा, की आमची म्हस दूध चोरायची.”

माझ्या महाकाव्यातलं एवढंच कडवं खरं ठरलं. पण मुलगा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे यायला तयार झाला. फक्त दाखवायला, ही त्याची अट.

मारुंजीच्या पलीकडे, आयटीवाल्यांच्या बाजूला एक चकचकीत दवाखाना आहे. काचेचं दार आपोआप उघडतं आणि आत फरशी इतकी गुळगुळीत की पेशंट नसलेला माणूसही जपून चालतो. लहान मुलांच्या सर्जन बाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या, पायात कापडी बूट. त्यांनी मुलाला तपासलं, मग कागदावर पेन्सिलीने दोन टेकड्या आणि मधली दरी काढली आणि दरीत तीन टिंबं दिली.

“ही तुझी भोकं. पू सध्या फारसा नाही, म्हणजे आपण चांगल्या वेळी भेटलो. पेनच्या रिफिलएवढ्या गोल पात्याने ही तेवढीच काढायची, आतले केस आणि घाण साफ करायची, आणि तू त्याच दिवशी घरी.”

मुलाने तयारी केलेले प्रश्न एकामागून एक काढले. “आत पट्टी भरणार?”

“नाही. वरून छोटी गॉझ. रोज अंघोळ करायची आणि बदलायची, तुझी तूच.”

“पालथं किती दिवस?”

“पालथं कशाला? पोटावर झोपायला आवडतं का तुला?”

“कबड्डी?”

“भोकं भरली की. साधारण तीन आठवडे धर, पण मी बघून हो म्हटल्याशिवाय मैदानात पाय नाही.” मग पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आणि आता न आवडणारं ऐक. हे काहींना परत होतं. झालं तर पुन्हा एवढंच छोटं काम. ते टाळायचं असेल तर तिथले केस दर आठवड्याला काढायचे. कंटाळायचं नाही. तुझा स्वतःचा हात तिथे नीट पोचणार नाही, घरातल्या कोणालातरी करावं लागेल.”

मुलाने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझं उत्तर कळलं.

मला राहवलं नाही. मी माझं ऑपरेशन सांगायला घेतलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, निदान लूनापर्यंत. मग म्हणाल्या, “तेव्हा तसंच करायचे, काका. मोठं काढलं की परत होणार नाही, असं वाटायचं. अजूनही काहींचं मोठं करावं लागतं. याचं छोट्यात भागेल.”

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. पण आयुष्यभर तुरुंगवास मिरवलेल्या माणसाला कोणी सहज सांगावं, की अहो, एक अर्ज केला असता तर सोडलं असतं, तसं मला झालं. मुलाचं छोट्यात भागणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी झालं, आणि ते काय हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी घरी येऊन माळ्यावरची ट्यूब काढली. माझा या नव्या पद्धतीवर पूर्ण विश्वास बसला नव्हता, निदान बसू नये अशी माझी इच्छा होती. ट्यूब घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो. तो उत्तरेकडचा. त्याने ती पाण्यात बुडवली आणि विचारलं, “सर, स्कूटर किधर है?”

“स्कूटर नहीं है. ऑपरेशन है.”

त्याने एकदा ट्यूबकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. दोन ठिकाणी ठिगळं लावून दिली.

ऑपरेशनच्या दिवशी मी थर्मास, चादर, दोन जाड कादंबऱ्या आणि ट्यूब असा जामानिमा घेऊन काचेच्या दारातून आत शिरलो. दार आपोआप उघडलं, पण ट्यूब अडकली. सिस्टर धावत आल्या. “हे काय आहे?” मी सांगितलं. त्या आत जाऊन विचारून आल्या. “मॅडम म्हणतात खुर्चीवर सरळ बसू दे. असल्या ट्यूबवर बसलं की तिथे उलट ताण येतो.”

म्हणजे बारावीच्या परीक्षेत मी तीन तास स्वतःचं नुकसान करत बसलो होतो.

पहिल्या कादंबरीची प्रस्तावना संपायच्या आत मुलाला बाहेर आणलं. तासाभराने तो डोळे चोळत उठून बसला. बसला, खाटेच्या कडेवर, दोन्ही बाजूंनी सारखा.

“झालं?”

“झालं.”

“दुखलं का रे?”

“इंजेक्शन जरा दुखलं. मग झोप आली.” त्याने इकडेतिकडे बघितलं. “इथे वडापाव मिळतो का?”

संध्याकाळी तो पुढच्या सीटवर बसून घरी आला. ट्यूब मागच्या सीटवर एकटीच होती.

फाट्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी गाडीला हात केला. खिडकीत डोकं घालून मुलाला बघितलं. “सर, काय झालं पोराला? दवाखान्यात व्हता म्हनं.”

इथे मी एक साधं वाक्य बोलायला हवं होतं. त्याऐवजी तोंडातून घराण्याचं वाक्य बाहेर पडलं. “पाठीचं छोटं ऑपरेशन.”

“पाठीचं? म्हंजी मनक्याचं?”

“म्हणजे, त्या बाजूलाच. मणक्याच्या शेवटी.”

“बापरे,” अध्यक्ष म्हणाले. शेजारी मुलगा माझ्याकडे बघत होता. मी गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फ्लेक्स लागला. डाव्या कोपऱ्यात वाघ, मधे माझा मुलगा चढाईच्या पवित्र्यात, वर नेत्यांची रांग, आणि मजकूर असा: मणक्याच्या अत्यंत अवघड शस्त्रक्रियेला यशस्वी झुंज देणारा आमच्या मातीतला ढाण्या वाघ लवकरात लवकर बरा होवो. खाली शुभेच्छुकांची अंड्याच्या आकाराची चित्रं. त्यात मीही होतो, शाल पांघरलेला, कुठल्याशा सत्काराचा, ज्याला मी अनिच्छेने गेलो होतो असं मी सर्वांना सांगतो. फ्लेक्सविरोधी लेखाचा लेखक म्हणून मला संताप यायला हवा होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी आधी माझा फोटो बघितला. बरा आला होता.

फ्लेक्स वाचून लोक पेशंटला बघायला येऊ लागले. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाण्याची रीत पक्की आहे. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, खाटेशेजारी बसायचं, हळहळायचं आणि आपल्या माहितीतला याहून वाईट प्रसंग सांगायचा. पण खाटेवर कोणी नव्हतं. पेशंट अंगणात स्कूटी धूत होता.

“पेशंट कुटं हाय?”

“मीच,” मुलगा म्हणायचा, आणि पाण्याची नळी बाजूला करायचा.

लोकांचा असा हिरमोड व्हायचा की मला कळवळा यायचा. बिस्किटं घेऊन आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? मग मी त्यांना बसवून माझं ऑपरेशन सांगायचो. मुलाचं त्याच वळणाचं, एवढं जोडायचो. प्रत्येक सांगण्यागणिक आमचा रोग थोडा वर चढत गेला. दुसऱ्या आठवड्यात एका लांबच्या नातेवाइकाने फोनवर विचारलं, “मानेचं ऑपरेशन झालं म्हणे?”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरबाईंनी मुलाला तपासलं. दोन भोकं भरली होती, तिसरं जवळजवळ. खेळायला हो म्हणाल्या आणि कोचना द्यायला तसं लिहूनही दिलं. मुलगा थेट मैदानावर गेला. तासाभराने परत आला आणि बॅग भिंतीवर आपटली.

“कोच घेत नाहीत.”

“का? डॉक्टरांनी लिहून दिलंय ना?”

“ते म्हणतात, कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला कळत नाही, फ्लेक्सवर काय लिहिलंय ते सगळ्या तालुक्याने वाचलंय. मणक्याचं ऑपरेशन झालेलं पोरगं मी पकडीत देणार नाही. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?”

“मग तू सांगायचं ना कुठे झालंय ते.”

“सांगितलं! टीमला तर पहिल्याच दिवशी सांगितलंय, सगळे हसून मोकळे झाले. कोच म्हणतात, तू सिलेक्शनसाठी खोटं बोलतोयस. तुझे वडील शिक्षक आहेत, ते स्वतः फाट्यावर मणका म्हणाले. ते कशाला खोटं बोलतील?”

माझ्या सचोटीचा असा उपयोग यापूर्वी कोणी केला नव्हता. चाचणीला आठवडा उरला होता आणि पोराच्या आड रोग नव्हता, डॉक्टर नव्हते, मी होतो.

“मी कोचना फोन करतो,” मी म्हणालो.

“फोन नको. मैदानावर चला. तिथे अध्यक्षपण असतात.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आणि तिथे पाठ म्हणू नका, पप्पा. मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते.”

मैदानावर पोरं सराव करत होती. कडेच्या कट्ट्यावर कोच, अध्यक्ष आणि चार-पाच जाणती मंडळी बसली होती. मला बघून ते सरकले, जागा केली. मी उभाच राहिलो.

“कोच, तुमचा गैरसमज झालाय. याचं ऑपरेशन मणक्याचं नव्हतं.”

“मग कशाचं होतं, सर?”

“त्रिकास्थीच्या खालच्या भागातल्या त्वचेचं,” मी म्हणालो. वाटेत शब्दकोशातला हा शब्द आठवला होता आणि मला त्याचा मोठा आधार वाटला होता.

एक आजोबा म्हणाले, “आरारा.”

“अस्थी म्हणजे हाडच की,” कोच म्हणाले. “म्हणजे मणकाच.”

“मणका नाही. मणक्याच्या खाली.”

“किती खाली?”

“एक वीत.”

अध्यक्षांनी स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन वीत मोजली. हात जिथे पोचला तिथे थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. मैदानावरची पोरंही थांबली होती आणि त्यांच्या मधोमध माझा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता. तो मदत करणार नव्हता.

“ढुंगणाला,” मी म्हणालो. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असल्यामुळे आवाज जरा जास्तच लागला. “ढुंगणाच्या फटीत केस घुसले होते. मला झालं होतं तेच. माझंही पाठीचं नव्हतं, ढुंगणाचंच होतं, आणि मी तीस वर्षं पाठीचं म्हणून सांगत आलोय. याची तीन बारीक भोकं होती, ती काढली, भरली. मणका धड आहे. डॉक्टरांशी आत्ता बोला, फोन लावून देतो.”

पोरांमध्ये एकच हशा पिकला. कोण कुणाच्या पाठीवर थापा मारतंय ते कळेना. कोचनी बाईंशी फोनवर बोलून घेतलं, दोन-तीनदा “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि फोन मला परत दिला. मग मुलाकडे बघून ओरडले, “काय बघतोस? पँट बदल आणि ये. पाच महिने लपवलंस, त्याचे आधी दहा राउंड मार.”

अध्यक्ष मात्र गंभीर होते. “सर, आदीच सांगायचं ना. आता फ्लेक्स चुकीचा ठरला. नवा करावा लागंल.”

“नको,” मी म्हणालो. मुलगाही तिकडून ओरडला, “नको!” या एका मुद्द्यावर आम्हा बापलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

अध्यक्ष मला गाडीपर्यंत सोडायला आले. दार उघडून धरलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “सर, त्या डॉक्टरबाई फकस्त पोरांचंच बघत्यात का?”

“मोठ्यांसाठी दुसरे असतील तिथे. का हो?”

“न्हाई, असंच. आमच्या एका मित्राला पाठीचा तरास हाय.”

निवड चाचणीत मुलगा खेळला. पहिल्या चढाईत दोन गडी मारले, दुसऱ्या चढाईत चौघांच्या पकडीत सापडून सपशेल त्याच जागेवर आपटला. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास रोखला आणि एकदम माझ्याकडे बघितलं. तो उठला, धूळ झटकली आणि रेषेवर गेला. संघात त्याचं नाव राखीव खेळाडूंत आलं. तो दोन दिवस धुमसत होता. मला विचाराल तर राखीव म्हणजे खेळाडूच, पण या घरात माझ्या शब्दाला सध्या फारशी किंमत नाही.

त्या रविवारी सकाळी तो माझ्या खोलीत आला. हातात ट्रिमर. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं केसांचं काम आतापर्यंत त्याने कोणाकडून करून घेतलं होतं मला माहीत नाही, बहुतेक त्याच्या टीममधल्या एखाद्या पोराकडून. मी विचारलं नाही.

“तुम्ही कराल का?” तो म्हणाला. “पण बोलायचं नाही. तुमचं ऑपरेशन तर अजिबात नाही.”

“नाही बोलत.”

तो खाटेवर पालथा झाला. छातीखाली उशी म्हणून त्याने ट्यूब ओढून घेतली, मोबाइल पुढे धरला आणि कुठलासा कबड्डीचा सामना लावला. मी चष्मा लावला, ट्रिमर सुरू केला आणि कमरेच्या वर, पाठीवरचे चार केस फार काळजीपूर्वक काढायला लागलो.

मोबाइलवरून नजर न काढता तो म्हणाला, “पप्पा, अजून एक वीत खाली.”